पाऊण तासाची जागा

दिवाळी सरली की अमरावतीचे रस्ते पांढरे होऊ लागतात. खेड्यांतून येणाऱ्या कापसाच्या गाड्या बाभळींखालून जातात आणि प्रत्येक बाभूळ आपला वाटा काढून घेते; आठ-पंधरा दिवसांत काट्याकाट्याला पुंजके लटकलेले दिसतात. हवा कोरडी होते, ओठ फुटतात, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनांच्या भोंग्यांनी दिवसाचे तुकडे पडतात, आणि सरकीचा तो तेलकट, किंचित उग्र वास कपड्यांत, कागदांत, अगदी कोर्टातल्या जुन्या मिसलींच्या गठ्ठ्यांतही जाऊन बसतो. या वासाने इतरांना काय आठवते, मला ठाऊक नाही. मला चिरूट आठवतो.

परवापर्यंत मी तंबाखूला कधी स्पर्श केला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेले बरे. तरीही अमरावती आणि अकोला या दोन गावांत चिरूट कोठे ताजा मिळे, कोठे वाळून कडकडीत झालेला, आणि तो हातात घेऊन बसण्यासारखी जागा कोठे होती, याचे ज्ञान एके काळी माझ्याइतके क्वचितच कोणाला असेल. ही विद्या मी एका कापसाच्या हंगामात शिकलो. ज्यांच्याकडून शिकलो, त्यांना मी गुरुदक्षिणा काय दिली, ते सांगायला मला तीस वर्षे लागली.

विसूमामा हे माझ्या आईचे थोरले भाऊ; ती धाकटी असूनही तिला ते ताईच म्हणत. तरुणपणी घर सोडून ते ब्रह्मदेशात गेले, रंगूनला एका लाकडाच्या वखारीत हिशेबनीस म्हणून राहिले, आणि पंचविसाहून अधिक वर्षांनी, पत्नी वारल्यावर, एक ट्रंक आणि एक पत्र्याचा चौकोनी डबा घेऊन आमच्या अमरावतीच्या घरी आले. तेव्हा त्यांचे वय आज माझे आहे तेवढे, पन्नाशी ओलांडलेले. मी तेविशीत होतो. वकिलीची परीक्षा नुकतीच उतरलो होतो आणि अण्णासाहेब या नावाने सारा जिल्हा ज्यांना ओळखे, अशा एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली बसत होतो. अण्णासाहेब मद्यपाननिषेधाच्या सभांतून बोलत. चहासुद्धा ते व्यसनात धरीत. त्यांच्या मर्जीवर माझे पुढचे आयुष्य टांगलेले होते, आणि ती मर्जी फार बारीक दोऱ्याची होती.

मामांच्या पत्र्याच्या डब्यात चिरूट होते. साहेब लोक ज्याला सिगार म्हणत त्याचाच हा ब्रह्मी भाऊबंद. बोटाएवढा जाड, फिकट पानात गुंडाळलेला. आमच्या घरात वडिलांची भिक्षुकी, कडक सोवळे. समुद्र ओलांडून आलेल्या मेव्हण्यांचे पान पंगतीत हातभर बाजूला मांडले जाई, तेथे चिरुटाचे नाव कोण काढणार! मामांनीही ते कधी काढले नाही. डब्यातले संपत आले तेव्हा एका दुपारी ते मला अंगणात घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "बापू, मले या गावात दोन गोष्टी शोधून दे. एक, चांगला चिरूट. दुसरी, तो ओढाले पाऊण तासाची जागा."

मामा घरात शुद्ध बोलत. अंगणात उतरले की त्यांची लहानपणची वऱ्हाडी जिभेवर येई.

"पाऊण तास कशाला लागतो?" मी विचारले.

"विडी पाच मिनिटांची. थे उभ्यानं ओढता येते. चिरूट घाईत ओढला तर कडू होते. ज्या गावात माणसाले पाऊण तास कोणी 'काहून बसला' असं इचारत नाही, त्या गावात म्हातारपण काढता येते. तशी जागा सापडली तर राहीन म्हणतो इथंच, ताईपाशी. नाही तर रंगून हायेच."

ते हसले, म्हणून मीही हसलो. पण ते खरेच ठरवीत होते, आणि हे मला त्याच क्षणी कळले होते. न कळण्याचे निमित्त मी पुढे कधी करू शकलो नाही.

मग आमचा शोध सुरू झाला. कोर्ट सुटल्यावर मी मामांना घेऊन निघे. पहिल्याच दिवशी टांगेवाल्याने विचारले, "कोठी जायाचं जी?"

"जिथं बसू देतील तिथं," मामा म्हणाले.

"मंग कचेरीत चला न! तिथं लोकायले दिवसभर बसवतेत."

दुकान पारखण्याची मामांची रीत मला फार नवलाची वाटे. आत शिरताच ते मालाकडे पाहत नसत; नाक वर करून उभे राहत. चिरुटाच्या शेजारी घासलेटचा डबा असला की परत फिरत. हिंग असला तरी परत. तंबाखूचे पान शेजाऱ्याचा वास घेते, शेजारी जसा असेल तसे होते, असे ते म्हणत. दुकानदाराने आधी सर्वांत भारी पेटी काढली, तर त्याला मालातले काही कळत नाही असे समजायचे. मग एक चिरूट कानाशी धरून दोन बोटांत हलकेच फिरवायचा. कुरकुर झाली तर वाळलेला, मुकाट राहिला तर ओला. पिंपळाचे पान पावलाखाली जसे बोलते तसे मऊ बोलले पाहिजे. एकदा मी कान पुढे केला. मामांनी अगदी गंभीरपणे माझ्या कानाशी चिरूट फिरवला आणि म्हणाले, "काय म्हणते?" मला काहीच ऐकू आले नव्हते. "मामा, हा मुका आहे," मी म्हणालो. "मुका नाही बापू, तू वकील हायेस. तुले दुसऱ्याचं ऐकाची सवय नाही."

पुढे ती सवय मला लागली. पक्षकार बोलू लागला की मी आजही पुष्कळदा डोळे मिटून घेतो आणि त्याच्या शब्दांतली कुरकुर ऐकतो. लोक याला माझे कौशल्य समजतात.

वऱ्हाडची हिवाळी हवा चिरुटाची वैरीण. रंगूनला दमटपणाने बुरशी येई, इथे चार दिवसांत पान तडके. मामांनी तोड काढली. कुंभाराकडून खापरीचा तुकडा आणला, तो पाण्यात भिजवून पुसला आणि डब्याच्या कोपऱ्यात ठेवला. रोज सकाळी ते संध्या करीत तेवढ्याच निष्ठेने तो तुकडा ओला करीत. आई दुरून पाही. एकदा तिने कोणाला न सांगता ती खापरी स्वतःच भिजवून ठेवली, आणि मामांनी ते ओळखले, पण तेही काही बोलले नाहीत. दोघे भावंडे डब्याभोवती अशी मुकाट्याने फिरत, आणि मला ते पाहून उगीच आनंद होई.

अमरावतीच्या बाजारात मिळाले ते चिरूट त्रिचनापल्लीचे, काळे, तिखट, वर्षभर पडून राहिलेले. कोणीतरी सांगितले, अकोल्याला स्टेशनाजवळ एका बोहऱ्याकडे ब्रह्मी माल येतो. तेथल्या कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसांत गोरे इंजिनियर आहेत, त्यांच्यासाठी. एका रविवारी आम्ही बडनेऱ्याहून गाडी पकडली. त्या हंगामातला तो दिवस मला अजून अखंड आठवतो. खिडकीबाहेर वेचणीला आलेल्या पऱ्हाटीची शेते मैलोगणती पांढरी. डब्यात सगळे कापसाच्या भावावर भांडणारे. आणि मामा, लहान मुलासारखे, प्रत्येक स्टेशनाचे नाव मोठ्याने वाचणारे.

अकोल्याच्या बोहऱ्याने त्यांची नाकाची परीक्षा पाहून हसत हसत अत्तराच्या बाटल्या दुसऱ्या टोकाला हलवल्या आणि म्हणाला, "आप पहले आदमी हैं जिसने सूँघा. साहब लोग तो बस डिब्बा देखते हैं." माल ताजा होता. आता जागा. स्टेशनावरच्या उपाहारगृहात गाद्यांच्या खुर्च्या होत्या, पण दारातल्या खानसाम्याने आमच्या धोतरांकडे पाहून नम्रपणे मान हलवली. मामांनी वाद घातला नाही. मग, वेळ आहे तर प्रेस तरी पाहू, म्हणून आम्ही एका कापसाच्या प्रेसच्या फाटकाशी गेलो. तेथे भिंतीत रांगेने कोनाडे केलेले होते. आत जाणाऱ्या प्रत्येकाने आपली विडी-काडी तेथे ठेवायची, मालक असो की हमाल. ठिणगी पडली तर सारा हंगाम जळायचा.

दरवान म्हातारा होता. मामांचा चिरूट त्याने तळहातावर तोलून पाहिला. "हे काय हाये जी? येवढी विडी! हे तुमी ओढता, का हेच तुमाले ओढते?"

"दोघंही ओढतो. जो जिंकते थो जिंकते," मामा म्हणाले.

परत येताना दरवानाने तो चिरूट कोनाड्यातून काढून दोन्ही हातांनी दिला आणि फाटकाबाहेर लिंबाखालच्या ओट्याकडे बोट दाखवले. "तिथं बसा. आमच्या इथं ओढणारे सगळे तिथंच बसतेत. कोणी काई म्हणत नाई." आम्ही बसलो. एका बाजूला दोन हमाल, दुसऱ्या बाजूला एक अडत्या, मध्ये मामा. राख बोटभर लांब झाली तरी गळेना, तेव्हा ते सगळे तिच्यावर पैज लावल्यासारखे पाहू लागले. ती गळली तेव्हा अडत्याने सुस्कारा सोडला. "पाऊण तास झाला," मामा म्हणाले. "अकोल्यात जागा हाये. आता अमरावतीत पायतो."

अमरावतीतली जागा कॅम्पात सापडली. फरामजीशेट या पारशी गृहस्थांचे दुकान: पुढे बिस्किटांचे डबे, मेणबत्त्या, कंदिलाच्या काचा, मागे एका खोलीत टेबले, जेथे गोरे अंमलदार आणि पलटणीतले लोक दारू घेत बसत, आणि समोर एक रुंद पडवी, तीत हातांच्या दोन वेताच्या खुर्च्या. चिरूट बंद बरणीत ठेवलेले, घासलेट दूर. फरामजी अमरावतीतच जन्मलेले आणि अस्सल वऱ्हाडी बोलणारे. मामांनी पहिल्याच दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, "हा माझा भाचा. ताईचा पोरगा. वकील हाये." त्यांच्या आवाजात असे काही होते की मी खाली पाहिले.

मामांना पडवी हवी होती. मी मात्र मागच्या खोलीचा आग्रह धरला. रस्त्यावरून कोणी पाहील. म्हणजे ज्या खोलीत खरोखर दारू होती ती मला सोयीची वाटली, आणि जेथे केवळ खुर्ची होती ती पडवी भयंकर वाटली. फरामजी हसत. "काहून इतके लाजून राहिले भाऊ? पुढं हवा हाये, मागं वास हाये." महिनाभर मामा माझ्यासाठी त्या कोंदट खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. तक्रार नाही. उलट एकदा घरी जाताना म्हणाले, "रंगूनच्या घरमालकाले कळवून टाकावं म्हणतो, का मी काही वापस येत नाही." ते आईलाही त्यांनी सांगितले असावे; त्या रात्री तिने माझ्या पानात न मागता तूप वाढले.

मग तो बुधवार आला. हवा फार सुंदर होती. ऊन कोवळे, दूर जिनाचा भोंगा झालेला. मामा म्हणाले, "आज पडवीत बसू, बापू. एकच डाव." मी नाही म्हणू शकलो नाही. चिरूट निम्म्यावर आला असेल, तोच एक बग्गी दुकानापुढे थांबली. आत अण्णासाहेब होते.

"तू? इथे?"

मी उठून उभा राहिलो. मला आजही वाटते, त्या क्षणी मी काही ठरवले नाही, जिभेने ठरवले. पण जीभ माझीच होती.

"पक्षकार आहेत," मी म्हणालो. "ब्रह्मदेशातून आले आहेत. जमिनीचे काम आहे."

अण्णासाहेबांनी मामांकडे पाहिले. मामाही उठले होते. त्यांनी चिरूट मागे, पाठीशी धरला, आणि अगदी शुद्ध, पुस्तकी मराठीत म्हणाले, "वकीलसाहेबांनी माझ्या कामी फार कष्ट घेतले आहेत. त्यांना येथे यावे लागले, हा दोष माझा."

"पक्षकाराला ऑफिसात बोलवावे, दुकानात गाठू नये," अण्णासाहेब मला म्हणाले, आणि बग्गी गेली.

मामांनी हातातला चिरूट पाहिला. तो विझला होता. लगेच पेटवला तर चालतो, असे त्यांनीच मला शिकवले होते. वेळ गेला की कडू होतो. त्यांनी तो पेटवला नाही. कठड्यावर नीट आडवा ठेवला आणि म्हणाले, "चला, वकीलसाहेब."

टांग्यात बसताना त्यांनी मला आधी चढू दिले. वाटेत मी काहीतरी बोलू पाहत होतो. "मामा, मला तसे..." "आपण दमला असाल," ते म्हणाले. त्यात टोमणा असता तर मी भांडलो असतो, रडलो असतो, कदाचित सुटलो असतो. ते अतिशय सौम्यपणे बोलत होते. घरात आईपुढे ते मला पूर्वीसारखेच "बापू" म्हणत. आम्ही दोघेच असलो की "वकीलसाहेब" आणि "आपण". ज्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून "ताईचा पोरगा" म्हटले होते त्या माणसाने मला दिलेला तो मान मी निमूटपणे घेत राहिलो.

आठ दिवसांनी त्यांनी जाण्याचे सांगितले. आई ओसरीवर वाती वळीत होती. वात तिच्या मांडीवरच राहिली.

"काय झालं, दादा? कोणी काही बोललं का?"

"छे गं. इथं चिरूट चांगला मिळत नाही. म्हाताऱ्या माणसाची खोड. दुसरं काही नाही."

मी दारात उभा होतो. मामांनी माझ्याकडे पाहिले नाही, आणि मी तोंड उघडले नाही. बडनेऱ्याच्या फलाटावर मी त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी आशीर्वाद दिला, तो "यशस्वी व्हा" असा. झालो.

ती गोष्ट आमच्या घरात विनोद होऊन बसली. तंबाखूसाठी बहिणीला सोडून समुद्रापार गेलेला माणूस! लग्नकार्यात, श्राद्धापक्षाला, कोणी ना कोणी ती सांगे आणि सगळे हसत. आई हसत नसे. दर हंगामाला, गाड्या येऊ लागल्या की, ती विचारी, "खरंच का रे, एवढ्यासाठी गेला दादा?" आणि मी म्हणे, "हो. चिरूट मिळेना." मामा काही वर्षांनी तिकडेच वारले. अण्णासाहेबही गेले. आई गेली तेव्हाही तिचा समज तोच होता. खोटे बोलणाऱ्यांना उलटतपासणीत उघडे पाडीत मी साक्षीदारांच्या पिंजऱ्यासमोर आयुष्यभर उभा राहिलो. त्या पिंजऱ्यात मला कोणी उभे केले नाही.

परवा कंदिलाची काच हवी होती म्हणून कॅम्पात गेलो. फरामजींच्या दुकानात आता त्यांचे चिरंजीव जालशेट बसतात. तेव्हा गल्ल्यापाशी उभे असत, आता केस पांढरे झालेले. लढाईने रंगूनचा रस्ता बंद केल्यापासून ब्रह्मी माल येत नाही. बरणी तीच, आत त्रिचनापल्लीचे काळे चिरूट. मी तिच्याकडे पाहत असलो पाहिजे, कारण जालशेट म्हणाले, "तुमचे थे पक्षकार आठवते मले. बरणीत नाक घालून पायणारे."

"पक्षकार?" मी म्हणालो. "मामांनी तर तुमच्या वडिलांना भाचा म्हणून सांगितले होते."

"पयले तसंच सांगतलं होतं. मग थे बग्गी येऊन गेली न, तिच्या दुसऱ्या दिवशी एकटेच आले. म्हणे, माझी चूक झाली, थे माझे भाचे नाईत, वकील हायेत. कोणी इचारलं तर तसंच सांगजा, पोराच्या नावाले बट्टा नको." जालशेट काच पुसता पुसता थांबले. "पोराच्या म्हणाले न थे? आत्ता ध्यानात येऊन राहिलं मले."

मी बरणीवर हात ठेवला. मग म्हणालो, "ते माझे मामा होते, जालशेट. सख्खे."

तीस वर्षांत हे वाक्य मी प्रथम उच्चारले. ते फार लहान निघाले.

जालशेटनी बरणी उघडली. मी एक चिरूट काढला आणि कानाशी फिरवला. थोडा कुरकुरला, खापरी हवी होती. जालशेट मागच्या खोलीकडे वळले, तेव्हा मी म्हणालो, "नाही. पुढे." पडवीत खुर्च्या आता लाकडाच्या आहेत, कठडा तोच. चिरूट मला नीट पेटवता आला नाही, ठसका लागला. जालशेटनी काडी धरली आणि तोंड फिरवून हसू आवरले. समोरून कापसाच्या गाड्या जात होत्या, गाडीवान वळून पाहत होते.

तेवढ्यात एक टांगा थांबला. आत आमच्या वकीलवर्गातले एक वडीलधारे गृहस्थ होते, फार शिस्तीचे. त्यांनी चष्मा सारखा केला.

"अहो, तुम्ही? आणि हे काय हातात? कोणी पक्षकार येणार आहे की काय इथे?"

चिरूट मी पाठीमागे नेला नाही.

"नाही," मी म्हणालो. "माझ्या मामांची ही जागा. त्यांच्या जागी बसलो आहे."

"मामा? तुम्हांला मामा होते? कधी बोलला नाहीत."

मी दुसरी खुर्ची पुढे ओढली.

"या, बसा. पाऊण तास लागेल."